जखम कशी भरते?

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात त्या वर्षी दोन जखमा होत्या. एक माझ्या धाकट्या भावाच्या गुडघ्याला. तो सायकलवरून खडीवर पडला, गुडघा सोलवटून निघाला, आजीने हळद दाबली, आणि दहाव्या दिवशी स्वारी ओट्यावर बसून नखाने खपली उचकटत होती. दुसरी जखम आमच्या आण्णांच्या पायाला. आण्णा मार्केट यार्डात हमाली करतात. त्यांच्या चपलेतून एक खिळा वर आला होता. तो दिवसभर तळव्यात रुतत होता, पण त्यांना कळलेच नाही. संध्याकाळी घरात फरशीवर रक्ताचे ठसे उमटले, तेव्हा आईच्या लक्षात आले. आण्णांना मधुमेह आहे. मधुमेहात पायाची जाणीव हळूहळू जाते हे आम्हां कुणाला तोपर्यंत ठाऊक नव्हते. ती जखम सात महिने भरली नाही.

घर एक, रक्त एक, हळदही एकाच डब्यातली. मग एकाची जखम दहा दिवसांत भरावी आणि दुसऱ्याची का भरू नये, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मी मराठी विषय घेऊन शिकते. हा लेख खरे तर विज्ञान शाखेतल्या कुणी लिहायचा. परंतु आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा घरात कुणालाही काही कळले नाही की सगळे माझ्याकडे पाहतात. मराठीचे पुस्तक काय आणि दवाखान्याचा कागद काय, त्यांच्या लेखी सारखेच. म्हणून मी विज्ञान शाखेतल्या मैत्रिणीला गाठले, प्राणिशास्त्राच्या सरांना त्रास दिला, आणि त्यांनी दिलेल्या कागदांत एक नाव पुन्हा पुन्हा दिसले: अनिता रॉबर्ट्स. पहिले नाव वाचून मला त्या आपल्याकडच्याच कुणी बाई वाटल्या. निघाल्या अमेरिकेतल्या. त्यांनी जन्मभर ज्या एका प्रथिनाचा पाठपुरावा केला, त्याची हकिगत मला समजली तशी सांगते.

आधी जखम भरते म्हणजे काय होते ते पाहू. कापले, खरचटले की रक्त वाहते आणि ते थांबवायला प्लेटलेट्स धावतात. डेंग्यूच्या साथींमुळे हा शब्द आता घरोघरी पोचला आहे. ‘प्लेटलेट उतरल्या’ असे आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्याही म्हणतात. रक्ताची गुठळी करणे एवढेच त्यांचे काम, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात त्यांच्या पोटात बारीक थैल्या असतात, आणि जखमेत आल्यावर त्या थैल्या रिकाम्या होतात. थैलीतून जे सांडते त्याला निरोप म्हणावे हे बरे. एका पेशीने दुसरीला काही करायला सांगायचे असेल तर ती एक विशिष्ट प्रथिन बाहेर सोडते. दुसरीच्या अंगावर त्या प्रथिनाला बसायची जागा असेल तरच तिला निरोप पोचतो. अशा निरोप्या प्रथिनांना सायटोकाईन म्हणतात.

निरोप सांडले की प्रथम पांढऱ्या पेशी येतात. त्या जंतू मारतात, मेलेले मांस खाऊन टाकतात. जखम लाल होते, सुजते, ठणकते ती याच वेळी. मग तंतुपेशी येतात आणि कोलॅजेन नावाचे सुंभासारखे चिवट प्रथिन विणू लागतात. बारीक केशवाहिन्या फुटतात. ओले, लालबुंद, दाणेदार मांस वर येते; त्याला वैद्यकाच्या मराठी पुस्तकांत ‘मांसांकुर’ असा शब्द आहे. हा शब्द ज्याने कुणी केला त्याला जखमेकडे नीट पाहता येत होते. शेवटी काठाकडून कातडीच्या पेशी सरकत येऊन वरून झाकण घालतात, आणि आतली वीण पुढे कित्येक महिने घट्ट होत राहते. तरी ती मूळची होत नाही. तीन आठवड्यांनी नव्या कातडीत जुन्या कातडीच्या साधारण एक-पंचमांश बळ असते, आणि पुढे किती का वर्षे जाईनात, ते ऐंशी टक्क्यांच्या वर चढत नाही.

आता अनिता रॉबर्ट्स. त्यांचा जन्म 1942 चा, पिट्सबर्गचा. विस्कॉन्सिन विद्यापीठात ‘अ’ जीवनसत्त्वावर काम करून 1968 साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली, आणि 1976 मध्ये त्या बेथेस्डा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत दाखल झाल्या. तिथे मायकेल स्पॉर्न यांच्याबरोबर त्यांचे मुख्य काम झाले. संस्थेच्या नावावरूनच कळेल की त्या जखमेचा शोध घेत नव्हत्या. त्यांना हवा होता कर्करोग.

त्या काळी एक प्रयोग फार चालत असे. निरोगी तंतुपेशी पायाखाली टेकायला काही असेल तरच वाढतात. आगराच्या मऊ जेलीत त्यांना अधांतरी ठेवले तर त्या वाढत नाहीत. कर्करोगाच्या पेशी मात्र त्या जेलीतही बिनदिक्कत वाढून पुंजके करतात. 1978 साली डी लार्को आणि टोडॅरो या दोघांना आढळले की विषाणूमुळे कर्करोगी झालेल्या पेशी असे काहीतरी बाहेर सोडतात, की ते घातल्यावर निरोगी पेशीही जेलीत वाढू लागतात. चांगल्या पेशीचे रूपांतर करणारे, बिघडवणारे द्रव्य! पुढे या द्रव्यात दोन वेगळी प्रथिने निघाली. त्यांतल्या दुसऱ्याला ‘रूपांतर घडवणारा वाढीचा घटक, बीटा’ अशा अर्थाचे नाव मिळाले. त्याची इंग्रजी आद्याक्षरे घेऊन सगळे त्याला टीजीएफ-बीटा म्हणतात, आपणही तसेच म्हणू.

रॉबर्ट्स आणि स्पॉर्न यांचे वेगळेपण मला इथे दिसते. हे द्रव्य कर्करोगाचे, तर ते कर्करोगातच शोधायचे, असे कुणीही म्हणाले असते. त्यांनी ते निरोगी उंदरांत शोधले. मूत्रपिंड, यकृत, स्नायू, हृदय, मेंदू: जिथे पाहावे तिथे ते होते. हे त्यांनी 1981 मध्ये प्रसिद्ध केले. मग पुरेशा प्रमाणात शुद्ध प्रथिन हवे म्हणून गुरांच्या मूत्रपिंडांतून ते काढले, माणसाच्या वारेतून काढले (बाळंतपणानंतर पडते ती वार, आमच्याकडे ती पुरतात), आणि प्लेटलेट्समधून काढले. 1983 पर्यंत ही तिन्ही कामे झाली. आणि या सगळ्यांत ते सर्वांत दाट कुठे सापडले, तर प्लेटलेट्समध्ये.

ज्याला कर्करोगाचा हस्तक समजत होते ते प्रथिन शरीराने रक्तात, जखमेकडे सर्वांत आधी धावणाऱ्या कणांत साठवून ठेवले होते. मग ते जखमेसाठीच असणार, असा तर्क निघाला. त्याच वर्षी त्यांनी उंदरांच्या जखमांत हे प्रथिन घालून पाहिले. कोलॅजेन जास्त साठले. 1986 साली नुकत्या जन्मलेल्या उंदरांच्या कातडीखाली ते टोचले, एका ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी. दोन-तीन दिवसांत त्या जागी मांसांकुर उगवले. जखम नव्हतीच तिथे. केवळ निरोप दिला होता. 1987 साली उंदरांच्या पाठीवर सरळ काप घेऊन त्यांत एकदाच हे प्रथिन सोडले, तेव्हा पाचव्या दिवशी ती जखम न सोडलेल्या जखमेच्या दुपटीहून अधिक ताण सोसू लागली.

इथवर वाचले तेव्हा मला वाटले, संपला प्रश्न. आण्णांच्या जखमेत हे घालायचे. मी मैत्रिणीला तसे म्हणालेही. ती हसली आणि पुढचा कागद माझ्यासमोर ठेवला.

पुढचा कागद 1985 चा होता. त्यात रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले होते की एकाच प्रकारच्या पेशींना हे प्रथिन कधी वाढवते, कधी रोखते. सोबत दुसरे कोणते निरोपे हजर आहेत यावर ते ठरते. तंतुपेशीला ते सांगते, वीण घाल. कातडीच्या वरच्या थरातल्या पेशीला सांगते, वाढू नकोस. पांढऱ्या पेशींना सुरुवातीला हाक मारते आणि नंतर त्यांनाच गप्प बसवते. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हे चमत्कारिक वाटत असेल, मला वाटले नाही. आपल्या मराठीत ताप उतरतो, चेहरा उतरतो, पाहुणा घरी उतरतो, मिठाईवर मन उतरते आणि प्लेटलेट्सही उतरतात. ‘उतरणे’ म्हणजे काय असे कुणी एकट्या शब्दाला धरून विचारले तर काय सांगणार? वाक्य आणा, म्हणजे सांगतो, असेच म्हणावे लागेल. अनिताबाईंना त्या प्रथिनाचे वाक्य शोधावे लागले, आणि त्यात त्यांची पुढची वीस वर्षे गेली.

त्या वाक्यरचनेतला एक नियम असा, की हे प्रथिन पेशीतून बाहेर पडते ते कुलूपबंद. त्याच्याच प्रथिनसाखळीचा एक तुकडा त्याला कवटाळून असतो, आणि तो सुटेपर्यंत निरोप निरर्थक असतो. किल्ली लागते ती जागेवर. उघडल्यावर ते पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहकाला चिकटते. मग पेशीच्या आत स्मॅड नावाची प्रथिने जागी होतात आणि केंद्रकात शिरून कोणती जनुके चालवायची ते ठरवतात. (स्मॅड हे नाव एका सूक्ष्म कृमीच्या आणि एका फळमाशीच्या जनुकांची नावे जोडून केलेले आहे. विद्वानांतही थट्टेखोर असतात म्हणायचे.)

हे प्रथिन मुळातच नसले तर? तसे उंदीर तयार करण्यात आले. 1993 साली त्यावर आलेल्या एका निबंधात रॉबर्ट्स आणि स्पॉर्न यांची नावे आहेत, पण पहिले नाव कुलकर्णी असे आहे. ते वाचून मला उगाचच बरे वाटले. या उंदरांची पिले जन्मतात, दिसायला ठीक असतात, आणि सुमारे तीन आठवड्यांनी खंगून मरतात. त्यांच्या अवयवा-अवयवांत पांढऱ्या पेशींनी धुमाकूळ घातलेला असतो. त्यांना थांबा म्हणणारे कुणी नसते.

उलट, निरोप थांबलाच नाही तर तेही वाईट. माझ्या मावशीने कान टोचले, आणि भोक बुजल्यावरही मांस वाढतच गेले. पाळीवर बोराएवढी गाठ आली. अशा गाठींत टीजीएफ-बीटाचा अंमल गरजेबाहेर चालू असतो. हीच अति विणकाम करण्याची खोड यकृतात, फुप्फुसांत, मूत्रपिंडांत लागली की तिथे चिवट तंतू माजतात आणि अवयव निकामी होतो.

आणि 1999 साली तर रॉबर्ट्स यांच्याच प्रयोगशाळेने स्वतःच्या जुन्या निष्कर्षाला धक्का दिला. ज्या उंदरांत स्मॅड-तीन हे प्रथिनच नाही, म्हणजे टीजीएफ-बीटाचा निरोप आत पोचवणारा एक मुख्य हस्तक नाही, त्यांना जखमा करून पाहिल्या. अपेक्षा काय? जखमा उशिरा भरतील. त्या लवकर भरल्या. दाह कमी झाला आणि कातडीने झाकण भराभर घातले. पंधरा वर्षांपूर्वी ज्यांनी सांगितले की हे प्रथिन घाला, जखम लवकर भरेल, त्यांनीच आता दाखवले की त्याचा एक रस्ता बंद केला तरी जखम लवकर भरते. दोन्ही खरे आहे. आपलेच म्हणणे अपुरे आहे हे असे जाहीर मांडणे मला फार मोठे वाटते. आमच्याकडे ग्रामपंचायतीत कुणी तसे केलेले मी तरी पाहिलेले नाही.

आता आण्णांच्या पायाकडे येते. न भरणाऱ्या जखमेला सुश्रुतसंहितेत ‘दुष्ट व्रण’ असा शब्द आहे. आजचे शास्त्र सांगते की अशी जखम पहिल्या पायरीवरच अडकून पडते. जंतू आणि मेलेले मांस तिथे ठाण मांडून बसतात, म्हणून पांढऱ्या पेशी हटत नाहीत. त्या प्रथिने कापणारी द्रव्ये ओततच राहतात. त्या कापाकापीत नवे विणलेले कोलॅजेन तुटते आणि वाढीचे निरोपही तुटतात. वरून कितीही निरोप पाठवले तरी ते पोचायच्या आत फाडले जातात. मधुमेहात भर म्हणून रक्तपुरवठा कमी, आणि पायाला दुखत नसल्याने माणूस त्याच जखमेवर भार देऊन चालत राहतो.

म्हणून डॉक्टर अशी जखम खरवडतात. मेलेले मांस काढतात, रक्त येईपर्यंत साफ करतात, म्हणजे जुनी अडकलेली जखम पुन्हा नवी होते, प्लेटलेट्स येतात, निरोप पहिल्यापासून सुरू होतात. हे मला आज कळते. त्या वेळी आण्णा ड्रेसिंगहून येत ते संतापून. म्हणत, “आठ दिवसांत जरा भरत आलेली असती, अन् ही माणसं पुन्हा उकरून ठेवत्यात.” बिनपगारी खाडा पडे तो वेगळाच. मी तेव्हा बारावीत होते. एके दिवशी त्यांनी मला विचारले, “तू शिकलेली हाईस. सांग, जखम उकरल्यानं कधी बरी हुती का?” मी म्हणाले, “नाही.” मग आम्ही जायचे सोडले. दोन महिने घरीच हळद आणि तेल लावले. त्यानंतर करंगळी काळी पडली, आणि ती काढावी लागली.

हळदीविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण आजी हा लेख कुणाकडून तरी वाचून घेणार. जखमेवर हळद हे अमेरिकेत 1995 साली कुणाच्या तरी मालकीचे झाले होते आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या आपल्या संशोधन परिषदेने 1997 मध्ये ते रद्द करून घेतले, हे सर्वांनी वाचलेलेच आहे. पुढच्याच वर्षी, 1998 मध्ये, हळदीतल्या कुर्कुमिनमुळे प्राण्यांच्या जखमा लवकर भरल्याचा एक अहवाल आला, आणि त्या जखमांत टीजीएफ-बीटाच वाढलेले आढळले. आजीची हळद आणि अनिताबाईंचे प्रथिन असे एकाच जखमेत भेटले. पण ते प्राणी होते आणि त्या जखमा ताज्या होत्या. भावाच्या गुडघ्याला हळद पुरली. आण्णांच्या तळव्याखाली मेलेले मांस होते. तिथे हळद वरच राहिली.

मग या सगळ्या शोधातून औषध निघाले की नाही? थोडे निघाले. प्लेटलेट्समधल्याच एका दुसऱ्या वाढीच्या घटकाचे मलम अमेरिकेत 1997 साली मधुमेही पायाच्या जखमांसाठी मंजूर झाले. टीजीएफ-बीटाच्या तिसऱ्या भावंडापासून व्रणाची खूण पुसट करणारे औषध करण्याचा मोठा प्रयत्न झाला. 2011 मध्ये शेवटच्या चाचणीत ते उतरले नाही. (पुन्हा ‘उतरणे’!) अजूनही आधी सांगितले जाते ते हेच: साखर ताब्यात ठेवा, जखम साफ करून घ्या, पायावरचा भार काढा. करंगळी गेल्यावर आम्ही हे तिन्ही केले. आण्णा तीन महिने घरी बसले, आई दुसऱ्यांच्या शेतावर गेली, आणि ती जखम भरली.

हा लेख मी आण्णांना वाचून दाखवला. बारावीतले ‘नाही’ वाचताना माझा आवाज लटपटला, पण ते काही बोलले नाहीत. संपल्यावर म्हणाले,

“ती बाई हाय का अजून?”

“नाही आण्णा. 2006 साली गेल्या.”

“कशानं?”

“कर्करोगानं. पोटाच्या.”

त्यांनी थोडा विचार केला. “मग तिला तिचं औषध लागू झालं न्हाई?”

मी त्यांना सांगितले की हे प्रथिन सुरुवातीला कर्करोगाच्या पेशींना वाढू नका म्हणून रोखते. पण त्या पेशी एकदा बहिऱ्या झाल्या की तेच प्रथिन त्यांच्याभोवती वीण घालते, रक्तवाहिन्या आणते, त्यांना पसरायला मदत करते. 1986 साली ड्वोरॅक नावाच्या एका डॉक्टरांनी लिहून ठेवले आहे की कर्करोगाची गाठ म्हणजे न भरणारी जखमच. शरीराला ती जखम वाटते आणि ते बिचारे ती भरत राहते.

आण्णांनी मान हलवली. त्यांना सगळे कळले असे नाही. मला तरी कुठे सगळे कळले आहे! मग त्यांनी कोनाड्यातला दाढीचा आरसा मागितला, दिव्याखाली सरकून बसले, आणि रोज रात्री पाहतात तसे आरशात दोन्ही तळवे पाहू लागले.